आधी पंचांग पाहावे, मग चोडणला जावे

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत चोडण बेट येते आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे फाटक लागते. राजधानीच्या इतक्या जवळ असलेले आणि इतके लहान, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, दुसरे अभयारण्य राज्यात नाही. तरीही तेथे एकदा जाऊन आलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. झाडी दिसली, पाणी दिसले, डासांनी फोडून काढले. पक्षी मात्र चार-दोन बगळ्यांपलीकडे दिसले नाहीत.

या तक्रारीत दोष पक्ष्यांचा नसतो आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचाही नसतो. चूक बहुधा वेळेची असते. खारफुटीच्या अभयारण्यातील दिनक्रम सूर्य जितका ठरवतो, त्याहून अधिक चंद्र ठरवतो. म्हणून तेथे केव्हा जावे, हा प्रश्न घड्याळाला विचारण्याआधी भिंतीवरच्या पंचांगाला विचारावा लागतो. तो तसा विचारला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: हे अभयारण्य आपल्या कुंपणात मावणारे नाही.

तलावाचा नियम खाडीला लागू नाही

भोपाळच्या अरेरा कॉलनीत दोन पिढ्यांपासून स्थायिक असलेले आमचे काही आप्त मागे एका हिवाळ्यात माशेलच्या देवकीकृष्णाच्या दर्शनाला आले होते. या देवस्थानाचे मूळ ठिकाण चोडण. पोर्तुगीज काळात मूर्ती बेटावरून हलवली गेली आणि मयेमार्गे माशेलला स्थिरावली. तेव्हा मूळ गावही पाहावे आणि जाता जाता पक्षीही पाहावेत, असा बेत ठरला. मंडळी पक्षी पाहण्यात नवखी नव्हती. अरेरा कॉलनीला लागूनच शाहपुरा तलाव आहे; त्याच्या काठाने सकाळी फिरायला जाणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. शहरातला मोठा तलाव तर अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी जोडलेला. मोठा आणि छोटा असे दोन्ही तलाव मिळून झालेल्या 'भोज पाणथळी'ला २००२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे हिवाळ्यात बदके उतरतात, सारस दिसतात. तेथील नियम सोपा आहे: सकाळी लवकर उठा, काठावर जा, शांत उभे राहा.

तोच नियम घेऊन मंडळी चोडणला गेली. दिवस अष्टमीचा होता. उगवतीला खाडी काठोकाठ भरलेली, झाडांची मुळे पाण्याखाली, चिखलाचा मागमूस नाही. परतल्यावर मामांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: 'हिवाळा आहे, पहाट आहे, गोंगाट नाही, मग पक्षी गेले कुठे?'

उत्तर तलाव आणि खाडी यांच्या भेदात आहे. तलावाची पातळी ऋतूबरोबर बदलते. पावसाळ्यात तो भरतो, उन्हाळ्यात आटतो. एका दिवसात त्याचा काठ हलत नाही. खाडीचा काठ मात्र दर सहा तासांनी जागा बदलतो. जेथे आता बोट तरंगते आहे, तेथेच दुपारी पक्षी चालत असतात. पक्ष्यांचे ताट दिवसातून दोनदा वाढले जाते आणि दोनदा उचलले जाते. ते केव्हा वाढले जाते, हे ओळखणे एवढेच पाहुण्याचे काम.

तिथीची पाऊणपट

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. भरतीही त्याच प्रमाणात रोज पुढे सरकते. कोकणपट्टीतील दर्यावर्दींनी यावरून एक ठोकताळा बसवला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना नियम एकच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

हा ठोकताळा आहे, गणित नव्हे. मुंबईच्या मानाने गोव्याच्या किनाऱ्यावर भरती काहीशी आधी येते. उलट नदीतून आत शिरताना तिला उशीर होतो. त्यामुळे तासाभराचा फरक धरूनच चालावे. अचूक वेळ हवी असेल, तर मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. तरीही सहलीचा दिवस ठरवण्यास पाऊणपट पुरेशी आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांत ओहोटी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येते. थंड प्रहर, तिरपे ऊन आणि उघडा चिखल असे तिन्ही योग तेव्हा जुळतात. सायंकाळी जायचे असेल, तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस बरे; त्या वेळी ओहोटी दुपारी दोन ते चारच्या सुमारास असते. आमच्या आप्तांनी गाठलेली अष्टमीची पहाट नेमकी भरतीची होती, हे आता सांगायला नको.

आणखी एक फरक आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी वर चढते तसे खालीही खूप उतरते. गोव्यात ही चढउतार साधारण दोन मीटरची असते. सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही; त्यामुळे चिखल कमी उघडा पडतो. अर्थात उधाणाचे दिवस पक्षी पाहण्यास अधिक सोयीचे.

चिखलात दडलेले अन्न

ओहोटीच्या वेळी मांडवी आणि म्हापसा नदी यांच्या संगमाजवळचा हा टापू पाहिला, तर सकाळचे तेच ठिकाण ओळखू येत नाही. खारफुटीच्या पायथ्याशी करडा, चकाकणारा चिखल पसरलेला असतो. नीट पाहिले की तो हलताना दिसतो. एक नांगी अवाढव्य आणि दुसरी इवलीशी असलेले नर खेकडे ती मोठी नांगी वरखाली करत माद्यांना खुणावत असतात. निवटी नावाचा मासा पाण्याबाहेर येऊन परांच्या आधारे सरपटत, उड्या मारत फिरत असतो. चिखलाच्या आत किडे, गोगलगायी आणि शिंपले असतात.

या अन्नाची वाटणी चोचींच्या लांबीने होते. आखूड चोचीचे चिखले पृष्ठभागावरचे वेचतात. शेपूट वरखाली हलवत काठाने धावणारे तुतवार बोटभर खोलीपर्यंत पोचतात. खाली वाकलेल्या लांब चोचीचा कर्ल्यू खोल बिळातला खेकडा ओढून काढतो. एकाच चिखलात इतके जण भांडणाशिवाय जेवू शकतात, याचे कारण हेच. यांतील बहुतेक पक्षी हिवाळी पाहुणे आहेत. ते मध्य आशिया आणि त्याहून उत्तरेकडील प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना याच चिखलातून साठवायची असते. ओहोटीचे काही तास हाच त्यांचा कमाईचा वेळ. म्हणून बोट त्यांच्या अंगावर नेऊन त्यांना उडवणे, तेही एका छायाचित्रासाठी, ही किरकोळ खोडी नव्हे. ते त्यांच्या तोंडचा घास काढून घेणे आहे.

झाडांत राहणारे पक्षी निराळे. खंड्यांचे इतके प्रकार एका ठिकाणी क्वचितच भेटतात: पांढऱ्या छातीचा, छोटा, काळ्या टोपीचा आणि मोठ्या लाल चोचीचा घोंगी खंड्या. त्यांतही निळसर हिरव्या पाठीचा आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलरवाला खंड्या हे खास आकर्षण. पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्याच खारफुटींत दिसतो. बगळ्यांत राखी, जांभळा आणि समुद्री बगळे. फांदीवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. वर ब्राह्मणी घार आणि मधूनच मासा पंजात धरून जाणारा ऑस्प्रे. नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब किंवा उन्हाला पडलेली मगरही दिसते.

झाडे मुळांनी श्वास घेतात

चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास ऐकून बरेच जण नाक मुरडतात आणि सांडपाण्याला दोष देतात. हा वास पुष्कळदा चिखलाचा स्वतःचा असतो. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो; प्राणवायूविना जगणारे जिवाणू पालापाचोळा कुजवताना गंधकाचा वायू सोडतात. अशा जमिनीत साधे झाड गुदमरून मरेल. तिवराने त्यावर उपाय काढला आहे. त्याची मुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून उभी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवेतून श्वास घेतात. या मुळांवर पाय देणे म्हणजे झाडाच्या नाकावर पाय देणे. कांदळ वेगळ्या रीतीने उभा राहतो. खोडातून कमानीसारखी आधारमुळे खाली सोडून तो चिखलात आपला तिवई-चौरंग मांडतो.

खाऱ्या पाण्याचा प्रश्नही प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला आहे. कांदळाची मुळे मीठ बाहेरच गाळतात. तिवर ते आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो; पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. फळातून हिरवी, लांब शेंगेसारखी मुळी लोंबू लागते आणि गळून पडली की एक तर तेथेच चिखलात रोवली जाते किंवा पाण्यावर तरंगत नवा काठ शोधते. महाराष्ट्राने २०२० साली पांढरी चिप्पी ही खारफुटी राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की या 'झुडपां'ना स्वतंत्र नावेही आहेत.

ही मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि मासे-कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. आपल्या ताटातील मासळीचे बालपण पुष्कळदा येथेच गेलेले असते. २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार गोव्यात २७ चौरस किलोमीटर खारफुटी होती; महाराष्ट्रात ३२४. आकडा लहान खरा, पण राज्यही लहान आहे.

भरतीला पक्षी कुठे जातात?

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. भरती चढली, चिखल बुडाला की बगळे आणि खंड्ये झाडांवर बसून राहू शकतात. चिखले, तुतवार आणि कर्ल्यू यांना ते सहसा जमत नाही. त्यांना उघडी, सपाट, कोरडी किंवा उथळ पाण्याची जागा लागते, जिथून शत्रू दुरून दिसेल. तशी जागा अभयारण्याच्या आत फारशी नाही. ती आहे बाहेर: खाजनांच्या बांधांवर, कापणी झालेल्या शेतांत, मिठागरांत, मानशीमागच्या उथळ पाण्यात. पक्षी भरतीचे तास तेथे काढतात आणि पाणी उतरू लागले की चिखलावर परततात.

याचा अर्थ सरळ आहे. अभयारण्याची हद्द १९८८ साली १.७८ चौरस किलोमीटरवर आखली गेली. पक्ष्यांनी मात्र ती कधीच मान्य केलेली नाही. त्यांच्यासाठी खारफुटी, चिखल आणि खाजन या एकाच घराच्या तीन खोल्या आहेत. एका खोलीला कुलूप लावून राखण केली आणि दुसरी पडू दिली, तर घर राहत नाही.

खाजन ही आपल्या पूर्वजांची करामत. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी नदीकाठच्या खाऱ्या दलदलीला बांध घालून शेते उभी केली. राज्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन मानली जाते. बांधात मानस असते आणि तिला लाकडी दार. भरतीचा लोट दार बंद करतो, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. विजेशिवाय, पहारेकऱ्याशिवाय चालणारी ही यंत्रणा तिथीच्या त्याच पाऊणपटीवर चालते. पावसाळ्यात कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात, पुढे मासळी. फोंडा तालुक्यातील दुर्भाट, बोरी या भागांत पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर थापून तिची पूजा होते, ती 'मांगेथापणी'. बांधाची राखण करणाऱ्या मगरीचे ते स्मरण आहे.

बांध जिवंत राहतो तो माणसांच्या हातांनी. पूर्वी गावकारी आणि पुढे कोमुनिदाद ही जबाबदारी वाहत असत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. शेतीतून मिळकत घटली, तरुण हात नोकरीकडे वळले, अनेक ठिकाणी मानशीतील मासळीचा लिलाव भातापेक्षा महत्त्वाचा ठरला आणि खारे पाणी हेतूने आत घेतले जाऊ लागले. त्यात बार्जांच्या लाटांचे धक्के. बांधाला भगदाड पडते, ते वेळेत बुजत नाही, खारे पाणी शेतात साचते आणि दोन-चार वर्षांत तेथे खारफुटी उभी राहते. एकदा ती उभी राहिली की किनारी नियमन कायद्याचे कवच तिला मिळते आणि शेतकऱ्याला आपल्याच शेतातले झाड तोडता येत नाही.

येथे दोन बाजू तयार होतात. शेतकरी म्हणतो, शेत गेले. पर्यावरणप्रेमी म्हणतो, जंगल वाढले. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर दोघेही अर्धेच पाहतात. 'जितकी खारफुटी तितके पक्षी' हे समीकरण खरे नाही. दाट खारफुटीने उघडा चिखल आणि उघडे शेत व्यापले तर बगळ्यांना रान मिळते, पण दूरदेशाहून आलेल्या चिखल्यांची बसण्याची जागा जाते. उलट बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला असलेली खारफुटी हा बांधाचा सर्वांत स्वस्त रखवालदार आहे. ती तोडली की लाटा थेट मातीवर आदळतात. बांधाबाहेर खारफुटी, बांधाआत शेत आणि मध्ये चालू स्थितीतील मानस, ही जुनी मांडणी माणसांसाठी होती तशी पक्ष्यांच्याही सोयीची होती. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख झाला आणि त्यांच्या रक्षणाची अपेक्षा धरली गेली. पण बांध अधिसूचनेने बुजत नाही. त्याला वेळेवर माती, चिरे आणि मजुरी लागते. त्यामुळे चोडणच्या एखाद्या बांधाची डागडुजी हा कृषी खात्याचा विषय मानून वनखात्याने आणि पक्षीप्रेमींनी बाजूला राहणे परवडणारे नाही. तो बांध हा अभयारण्याचाच भाग आहे, नकाशात नसला तरी.

जाताना ध्यानात ठेवावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ओहोटीचा तळ गाठून पाणी पुन्हा चढू लागल्यानंतरचा तास-दीड तास साधावा. पूर्ण ओहोटीला आतल्या ओहळांत बोट टेकते आणि पूर्ण भरतीला चिखल नसतो. या मधल्या वेळी बोट चालते आणि पाण्याने मागे रेटलेले पक्षी उरलेल्या चिखलावर जवळ जवळ येतात. प्रवेशाची परवानगी वनखात्याकडून फाटकाजवळ घ्यावी. बोट आधी ठरवून ठेवावी आणि होडीवाल्याला इंजिन मंद ठेवण्यास, शक्य तेथे वल्ही मारण्यास सांगावे. कपडे मातकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे, म्हणजे पक्षी बुजत नाहीत आणि डासही आवरतात. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये. दुर्बीण नसेल तर उसनी मिळवावी. तिच्याविना चिखले आणि तुतवार सगळे सारखेच दिसतात.

परतताना घाई करू नये. अभयारण्यातून निघाल्यावर बेटावरच्या खाजनांच्या कडेने फेरी मारावी. तोवर भरती अर्ध्यावर आलेली असते आणि सकाळी चिखलावर पाहिलेले थवे बांधावर येऊन एका पायावर उभे दिसतात. तो बांध मजबूत आहे का, मानशीचे दार हलते का, शेत कसले आहे की पडीक, हेही त्याच दुर्बिणीतून पाहावे.

सलीम अली यांनी देशभर, मध्य भारतातील संस्थानांपासून दक्षिणेपर्यंत पायपीट करून पक्ष्यांची नोंद केली. गोव्यातील पक्ष्यांवर रॉबर्ट ग्रब यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गोवा घटक राज्य झाले आणि दुसऱ्याच वर्षी या लहान राज्याने आपले सर्वांत लहान अभयारण्य त्यांच्या नावे केले. नाव देण्याचे काम तेव्हा झाले. राखण्याचे काम दर भरतीबरोबर नव्याने समोर येते, आणि ते कुंपणाच्या आत जितके आहे तितकेच बाहेरच्या बांधावर आहे.